गाओलीचं झबलं आणि टॉलेफसनांचं गॅरेज

घर विकत घेताना माणसं छत बर्फाचं ओझं पेलेल का ते बघतात, शाळा किती लांब ते बघतात, शेजाऱ्याचं कुत्रं चावरं आहे का याचीही चौकशी करतात. आपल्या पलंगाखालून सरळ खाली गेलं तर जमीन कोणाची लागते, हे मात्र कुणी बघत नाही. मीही बघितलं नव्हतं. आणि मी तर नगरपालिकेत बांधकाम परवान्यांच्या खिडकीवर बसतो. लोकांच्या नकाशांतल्या चुका काढणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा, आणि तो मी फार मन लावून करतो असं लोक म्हणतात. शब्द जरा वेगळे वापरतात, पण भावार्थ तोच.

गाओली जन्मली ती हरणांच्या शिकारीचा मोसम उघडला त्या आठवड्यात. त्यामुळे सेंट पॉलमधले आमच्या खांग कुळातले आणि बायकोच्या मुआ कुळातले सगळे पुरुष बंदुका घेऊन उत्तरेच्या जंगलात गेले होते. दवाखान्यात मी, माझी बायको पाहुआ आणि माझी आई एवढेच. बाळंतपण सुखरूप झालं. मुलगी ठणठणीत, आवाज खणखणीत. मी डोळे पुसतोय तेवढ्यात आईने माझ्या कोपराला चिमटा काढला.

"वार माग," ती म्हणाली.

"आई, आत्ता?"

"आत्ता नाही तर कधी? तुझ्या वेळी मला नीट मागता आली नाही, तर काय झालं?"

काय झालं ते आमच्या अख्ख्या भावकीला पाठ आहे. आम्हा ह्मोंग लोकांत बाळामागून पडते ती वार म्हणजे माणसाचं पहिलं झबलं. ते घरातच पुरायचं. मुलाचं मधल्या खांबापाशी, मुलीचं आईबापाच्या पलंगाखाली. माणूस म्हातारा होऊन गेला की त्याचा जीव जिथे जिथे राहिला त्या सगळ्या गावांवरून उलटा चालत जन्माच्या जागी येतो, झबलं अंगात घालतो आणि मगच पूर्वजांकडे जातो. आईचं झबलं लाओसच्या डोंगरात, माझ्या आजीआजोबांच्या पलंगाखाली आहे. माझं मात्र कॅलिफोर्नियातल्या एका दवाखान्याने, तिथल्या रिवाजाप्रमाणे, जाळून टाकलं. आई तेव्हा देशात नवी, भाषा येत नव्हती. तिने हातवारे करून मागितलं, तर नर्सने तिला आणखी एक उशी आणून दिली. तेव्हापासून प्रत्येक लग्नकार्यात ती मला पुढे करून सांगते, "हा माझा थोरला. मेल्यावर उघडाच फिरणार आहे बिचारा." पाहुणे माझ्याकडे कणवेने बघतात आणि मी टाय सारखा करतो.

तर मी वार मागितली. दवाखान्यातल्या मुलीने अदबीने एक कागद पुढे केला. "कशासाठी हवी" या रकान्यात काय लिहावं ते सुचेना, म्हणून मी "घरगुती वापरासाठी" असं लिहिलं. तिने ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. माझ्या खिडकीवर असा अर्ज आला असता तर मी तो परतच पाठवला असता. तिने मात्र अभिनंदन करून पिशवी हातात दिली.

घरी आल्यावर आईने ती पिशवी आइस्क्रीमच्या रिकाम्या बादलीत ठेवली. आमच्या मिनेसोटात आइस्क्रीमची बादली कुणी टाकून देत नाही, मग तो ह्मोंग असो की नॉर्वेवाला. लोक आइस्क्रीम खातात ते बादलीसाठीच असा मला संशय आहे. मी तिच्यावर "महत्त्वाचे" असा कागद चिकटवला आणि ती आमच्या गॅरेजातल्या फ्रीजरमध्ये ठेवली. मग आई जिना चढून आमच्या झोपायच्या खोलीत गेली आणि तिने वाकून पलंगाखाली पाहिलं.

"याच्या खाली काय आहे?"

"गालिचा."

"त्याच्या खाली?"

"लाकूड."

"आणि त्याच्या खाली?"

"टॉलेफसनांची गाडी," मी म्हणालो.

आई मटकन पलंगावर बसली. आमच्या मेपल हॉलो सोसायटीतली घरं जोडीजोडीने एकमेकांत अडकवलेली आहेत. आमची झोपायची खोली शेजारच्या टॉलेफसनांच्या गॅरेजवर येते आणि त्यांची आमच्या गॅरेजवर. ज्याने हा नकाशा काढला तो हुशार असणार, पण त्याला ह्मोंग आई नसणार.

"मग आपल्या गॅरेजात पुरू," मी म्हणालो.

"तिथे वर पलंग कुणाचा? त्या म्हाताऱ्या जोडप्याचा! मुलगी त्यांची होईल की."

"मग आपला पलंग खाली दिवाणखान्यात आणू."

पण दिवाणखान्याच्या फरशीत घर ऊबदार ठेवणारे गरम पाण्याचे नळ पुरलेले. तिथे पहार मारली असती तर आमच्याकडे गरम पाण्याचं कुंड झालं असतं. मग आईनेच तोडगा काढला. पलंग उचलून आपल्याच गॅरेजात न्यायचा, म्हणजे तिथे आमचाही पलंग होईल. यावर पाहुआने मुलीला खांद्यावरून मांडीवर घेतलं. ती एरवी फार सोशिक आहे.

"महिनाभर मला गार वारा लागायला नको," ती म्हणाली, "गार पाणी प्यायला नको, उकडलेल्या कोंबडीशिवाय तोंडात काही जायला नको. आणि झोपायचं कुठे? तर गॅरेजात, टायरच्या शेजारी! यिंग, तू जा. तूही बापच आहेस ना? तू झोप टायरशेजारी."

आई विचारात पडली. मला तिचा तो विचारात पडलेला चेहरा मुळीच आवडला नाही, म्हणून मी घाईघाईने म्हणालो, "मी टॉलेफसनबाईंशी बोलतो."

लोरेन टॉलेफसन म्हणजे सत्तरी ओलांडलेली, काटक, चर्चमधल्या प्रत्येक जेवणावळीत पुढे असणारी बाई. त्यांचा नवरा अर्ल. तो बोलत नाही. आम्ही या घरात आल्यापासून तो माझ्याशी जे काही बोलला ते सगळं बर्फ उपसण्याविषयी होतं. गाओली घरी आली त्याच दिवशी दोघं भेट घेऊन आले होते. अर्लच्या हातात आइस्क्रीमच्या बादलीत, पिशवीत बांधून, त्याने स्वतः मारलेल्या हरणाचं वाटलेलं मटण, ते मी फ्रीजरमध्ये टाकलं; बाईंच्या हातात आंबट सायीची लापशी. तिच्यावर लोण्याचं तळं आणि दालचिनी. त्यांच्याकडे बाळंतिणीला हीच देतात, पिढ्यान्‌पिढ्या.

आईने पातेल्यात डोकावून मला आमच्या भाषेत विचारलं, "कच्च्या बाळंतिणीला दूध-लोणी? ही बाई हिच्या जिवावर उठली आहे का?"

"काय म्हणतात तुझ्या आई?" बाईंनी विचारलं.

"म्हणते, रंग फार सुंदर आलाय."

बाईंनी चुलीवरच्या कोंबडीच्या रश्शाकडे पाहिलं. "रोज हेच देता तिला? तीन वेळा? अरेरे, बिचारी पोर."

"काय म्हणते ती?" आईने विचारलं.

"म्हणतात, वास फार छान सुटलाय."

दुभाष्याचं काम असं जोखमीचं असतं. पुढे रोज लापशी येत राहिली, आणि नाही म्हणायची सोय नसल्याने ती मी खात राहिलो. बाळंतपण पाहुआचं झालं, पण अंग माझं भरलं.

तर मी बोलायला गेलो. मिनेसोटात कुणाकडे काही मागायचं तर आधी हवेवर बोलावं लागतं. आम्ही हवेवर बोललो. मग मागच्या वर्षीच्या हवेवर बोललो. बाईंनी दोनदा कॉफी ओतली. शेवटी मी म्हणालो, "बाई, तुमच्या गॅरेजात मला एक वस्तू पुरायची होती."

बाईंनी कप खाली ठेवला. "मांजर गेलं का रे तुमचं?"

"आमच्याकडे मांजर नाही."

मग सगळं सांगावंच लागलं. पलंग, झबलं, जिवाचा उलटा प्रवास. बाई ऐकत होत्या आणि त्यांचा हात बशीवरच्या बिस्किटावर तसाच थांबला होता. सगळं झाल्यावर त्या म्हणाल्या, "बरं बाई. हे वेगळंच आहे."

मिनेसोटात "वेगळंच आहे" याचा अर्थ हो, नाही, छान, वाईट आणि देवा रे असा काहीही असू शकतो. अर्ल खिडकीबाहेर बघत होता. बाईंनी आणखी कॉफी ओतली आणि म्हणाल्या, "आमची हरकत नाही रे बाळा, पण गॅरेजची फरशी सोसायटीची. बर्गक्विस्टना विचारायला हवं."

बर्गक्विस्ट हे सोसायटीचे अध्यक्ष. दाराला निळा रंग दिला म्हणून त्यांनी एकदा एका विधवेला तीन पत्रं पाठवली होती. त्यांनी मला सोसायटीचा खोदकामाचा अर्ज दिला. त्यात "काय पुरायचे आहे" याच्यापुढे नळ, वायर, झाड आणि पाळीव प्राणी एवढेच पर्याय होते, आणि पाळीव प्राण्याला मनाई होती. मी "इतर" असा स्वतःचा रकाना आखला. बर्गक्विस्ट म्हणाले की अर्जात रकाने आखायचा अधिकार अर्जदाराला नाही. हे वाक्य मी माझ्या खिडकीवरून आजवर किती लोकांना ऐकवलंय! पहिल्यांदाच ते समोरून ऐकलं आणि फार झोंबलं.

प्रकरण सोसायटीच्या सभेत गेलं. एरवी सभेला चार डोकी जमतात. त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या. माझ्या बायकोची वार हा विषय क्रमांक दोन होता, पार्किंगच्या रेषांच्या आधी. मी मान खाली घालून बसलो होतो. वाटलं होतं लोक नाकं मुरडतील. पण झालं भलतंच. लोकांना सल्ले सुचले.

"पुरता कशाला? वाया जाईल!" योग शिकवणारी केल्सी म्हणाली. "माझ्या बहिणीने वाळवून पूड केली आणि रोज एक गोळी घेतली. काय तेज आलं होतं चेहऱ्यावर!"

मी हे आईच्या कानात सांगितलं. आईने केल्सीकडे असं बघितलं की केल्सीने खुर्ची मागे सरकवली.

"पुरण्याचं काय ते होईल," होदान म्हणाली. ती सोमालियाची, तिला पाच मुलं. "आधी सांगा, तिच्या खोलीत धुरी देता की नाही? आणि चाळीस दिवस तिला काम सांगू नका. हा नवरा दिसतो साधा, पण साधेच नवरे तिसऱ्या दिवशी विचारतात, माझे मोजे कुठे आहेत म्हणून."

मी ते दुसऱ्या दिवशीच विचारलं होतं. त्यामुळे मी पुन्हा मान खाली घातली. कोपऱ्यातल्या घरातले इशिकावा आजोबा उठून उभे राहिले. त्यांच्या आईने त्यांच्या नाळेचा वाळका तुकडा लाकडी डबीत घालून जन्मभर जपला होता, आणि ती डबी आता त्यांच्या कपाटात आहे, म्हणाले. कुणाला बघायची असेल तर दुपारी यावं, चहा मिळेल. दोघीतिघींनी लगेच वेळ ठरवून घेतली.

"हे सगळं फार हृद्य आहे," बर्गक्विस्ट म्हणाले, "पण काँक्रीट ही सामाईक मालमत्ता आहे."

मग मी उठलो. सभेत बोलायची मला सवय नाही, पण त्या दिवशी काय अंगात आलं कोण जाणे. लाओस सांगितलं, पलंग सांगितला, आणखी एक उशी सांगितली. माझ्या पोरीला परत यायला एक जागा हवी, एवढंच मागतोय, असं म्हणालो आणि मलाच रडू आलं. केल्सी रडली. होदानने मला कागदी रुमाल दिला. आणि मागच्या रांगेतून अर्ल टॉलेफसन बोलला, तोही बर्फाविषयी नाही.

"माझ्या आजीने माझ्या बापाची शेतात सफरचंदाखाली पुरली होती," तो म्हणाला. "करवत माझ्याकडे आहे."

ठराव मंजूर झाला. बर्गक्विस्टनी अटी घातल्या त्या दोनच, खोदकाम एकदाच करायचं आणि ते स्वतः हजर राहणार.

खोदायच्या दिवशी पाहुआची मोठी पंचाईत झाली. आमच्यात बाळंतिणीने महिना होईस्तोवर दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकायचं नसतं, आणि गॅरेज म्हणजे दुसऱ्याचं घरच. तेव्हा ती वर पलंगावर बसली आणि पलंग नेमका कुठे आहे ते कळावं म्हणून टाचेने जमिनीवर ठोके देऊ लागली. खाली अर्ल कान छताला लावून शिडीवर उभा. "डावीकडे," तो म्हणायचा, आणि मी खडूने फुली मारायचो. वरून मुलीचं रडणं, त्यावर ठोके, त्यावर "अजून किती वेळ? मला भूक लागली आहे!" अशी आरोळी. शेवटी फुली ठरली. अर्लने काँक्रीट कापलं, मी खणलं. बाईंनी खड्ड्याशेजारी स्वच्छ सतरंजी अंथरली होती.

मी आमच्या फ्रीजरमधून बादली आणली. वार बापाने पुरायची असते आणि गुळगुळीत बाजू वर ठेवायची असते. उलटी ठेवली तर मूल ओकतं. आता खरं सांगायचं तर मला रक्तबिक्त बघवत नाही. गोठलेला गोळा पिशवीतून बाहेर काढताना मी तोंड दुसरीकडे वळवलं होतं. किलकिल्या डोळ्याने पाहिलं तर दोन्ही बाजू सारख्याच दिसल्या, म्हणून मनाने एक वर ठेवली. आई मागे उभी राहून झबल्याशी बोलत होती, तिला तशीही मोतीबिंदूमुळे फुलीसुद्धा दिसत नव्हती. टॉलेफसनबाई डोळे मिटून त्यांची प्रार्थना म्हणत होत्या. अर्ल टोपी काढून छताकडे बघत होता. बर्गक्विस्टनीही डोळे मिटले. सगळं इतक्या भक्तिभावाने चाललं होतं की उघड्या डोळ्यांनी खड्ड्यात बघणारं तिथे कुणी उरलंच नाही.

माती लोटली, काँक्रीट भरलं. आईने बाईंचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. संध्याकाळी मी वर जाऊन पाहुआच्या शेजारी बसलो. मुलगी झोपली होती. जन्मात पहिल्यांदा मला वाटलं, मी एक काम पुरतं केलं. त्या आनंदात मी लापशीचे दोन वाडगे खाल्ले.

दुसऱ्या दिवसापासून मुलगी ओकायला लागली. डॉक्टरीण म्हणाली, सगळीच मुलं दूध ओकतात. आई म्हणाली, "उलटी ठेवलीस."

"सरळ ठेवली, आई."

"गुळगुळीत बाजू वर होती?"

"होती."

"कशी दिसत होती?"

"गुळगुळीत," मी म्हणालो.

 पुढच्या शनिवारी जंगलातून परतलेले मामा-काका मुलीला बघायला येणार होते. आई सकाळीच हरणाचं मटण पुदिना-लिंबू घालून करायला म्हणून गॅरेजात गेली. मी वर कपडे वाळत घालत होतो. खालून हाक आली.

"यिंग, इकडे ये. एकटा ये."

ती फ्रीजरपाशी उभी होती. पुढ्यात बादली, झाकण उघडं, पिशवी उघडी. पिशवीवर दवाखान्याची पट्टी. माझा "महत्त्वाचे" लिहिलेला कागद थंडीने सुटून फ्रीजरच्या तळाशी पडला होता. मी बादलीकडे पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं, जिच्यापलीकडे टॉलेफसनांच्या गॅरेजात, नव्या काँक्रीटखाली, सर्वांच्या साक्षीने, प्रार्थना म्हणून, अर्लचं हरीण पुरलेलं होतं.

आई रागावेल असं वाटलं. ती रागावली नाही. शेजारी उलटी पडलेली दुसरी बादली होती तिच्यावर खुर्चीसारखी बसली आणि म्हणाली, "तुझं गेलं. आता हिचंही गेलंच होतं. आज मी ही बादली उघडली नसती तर?"  एवढ्या वर्षांत मी तिला विनवण्या करताना पाहिलंय, भांडताना पाहिलंय, पण अशी घाबरलेली पाहिली नव्हती. मला फार लाज वाटली.

"आत्ता जा आणि सांग," ती म्हणाली.

मी जायला निघालो. खरंच निघालो होतो. पण दाराबाहेर सोसायटीचं बातमीपत्र पडलं होतं आणि पहिल्या पानावर माझा रुमालाने डोळे पुसतानाचा फोटो होता. मजकूर बर्गक्विस्टनी लिहिला होता. त्यात "आपल्या सामाईक काँक्रीटला लाभलेलं भाग्य" असे शब्द होते. केल्सीने गॅरेजच्या दाराशी मेणबत्ती आणून ठेवली होती. होदानची पोरं येताजाता तिथे पाइनची बोंडं ठेवत होती. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे टॉलेफसनबाईंनी गाडी गॅरेजात लावणं सोडलं होतं.

"तिच्या झबल्यावर गाडी कशी उभी करू रे?" त्या म्हणाल्या. "तेल गळतं आमच्या गाडीचं."

मिनेसोटाच्या हिवाळ्यात गॅरेज असून गाडी उघड्यावर ठेवणं हा त्याग केवढा, ते इथे राहिल्याशिवाय कळणार नाही. रात्रभर बर्फ पडायचं. सकाळी मी कॉफीचा कप घेऊन खिडकीशी उभा राहायचो आणि खाली सत्तरीची बाई काचेवरचा बर्फ खरवडत असायची. खर्र, खर्र. मटणाच्या गोळ्यासाठी. मी धावत जाऊन खरवडायला लागलो. बाई म्हणाल्या, "किती गुणाचा मुलगा!" त्या कौतुकाने मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बर्फ, पुन्हा मी. त्यांच्या चर्चला जायच्या दिवशी मी त्यांचा रस्ताही साफ करून ठेवला. अर्ल माझ्याकडे संशयाने बघू लागला.

पाहुआच्या हे सगळं वरून लक्षात आलं होतं. "सांगायचं नसेल तर जन्मभर त्यांची काच खरवडत बस," ती म्हणाली. "पण बादली फ्रीजरमध्ये आहे, यिंग. माझी पोर त्या बादलीत आहे. तुझी अब्रू नंतर बघू."

तेव्हा मात्र मी उठलो आणि शेजारी गेलो. हवेवर एक अक्षर बोललो नाही. बाईंनी कॉफी पुढे केली ती घेतली नाही. उभ्या उभ्या म्हणालो, "बाई, आपण अर्लचं हरीण पुरलंय."

 मी सगळं सांगितलं, कागद सुटला तिथपासून फोटोपर्यंत. बाईंचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. त्या हसत होत्या. हसता हसता त्यांनी टेबलाचा कोपरा धरला, चष्मा काढला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. "मी त्याच्यासाठी देवाची प्रार्थना केली," त्या म्हणाल्या. "अख्खी!"

अर्ल जागचा हलला नव्हता. "लसूण घातलेलं होतं की साधं?" त्याने विचारलं.

"माहीत नाही."

"लसणाचं असेल तर वाईट झालं," तो म्हणाला आणि करवत आणायला उठला.

मी म्हणालो की सोसायटीने परवानगी एकाच खोदकामाची दिली आहे, आणि दुसऱ्या खोदकामासाठी नवा अर्ज करावा लागेल.

"बर्गक्विस्टने डोळे मिटले होते," अर्ल म्हणाला. "आता उघडायला कशाला सांगायचं?"

परवान्याच्या खिडकीवर बसणाऱ्या माणसाने बिनपरवाना खोदकाम केलं, त्याची ही कबुली. त्याच दुपारी केलं. या वेळी मी डोळे उघडे ठेवले. घेरी आली, अर्लने कॉलर धरून मला सरळ केलं, आणि गुळगुळीत बाजू कुठली ते मी नीट बघून, आईच्या हाताला लावून दाखवून मगच ठेवली. हरणाचा गोळा बाहेर काढायचा विषय निघाला तेव्हा आई म्हणाली, "राहू दे त्याला खाली. लांबून चालत येईल पोरगी, वाटेत भूक लागली तर?" बाईंना ते सांगितलं. त्यांना पटलं. वरून टाचेचा एक ठोका आला, म्हणजे पाहुआला सगळं ऐकू येत होतं.

काँक्रीट लिंपून झाल्यावर बाईंनी मला विचारलं, "तुझ्या आईला विचार, यावर गाडी ठेवली तर चालेल का? नाही म्हणाल्या तरी चालेल."

आईला मी विचारलं. ती हसली. "आमच्याकडे पलंगाखाली कोंबड्या फिरायच्या. गाडी तर ऊबदार असते. ठेव म्हणावं."

बाईंनी मान हलवली. मग कपाळाला आठ्या घालून त्या गॅरेजच्या मोठ्या बंद दाराकडे बघत राहिल्या. आत गेल्या, ड्रॉवर उघडल्याचे आवाज आले, आणि त्या गॅरेजचा जादा रिमोट घेऊन बाहेर आल्या. तो त्यांनी माझ्या हातात नाही, आईच्या हातात ठेवला.

"हा गाओलीचा," त्या म्हणाल्या. "आम्ही तोवर असणार नाही. घर कुणाचं असेल कोण जाणे. ती येईल तेव्हा दार बंद असलं तर काय करेल पोर?"

मी ते भाषांतर करायला गेलो आणि मला जमेना. पण आईला ते कळलं होतं. तिने रिमोट दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि बाईंच्या गळ्यात पडली. बाईंना गळ्यात पडायची सवय नाही. त्या ताठ उभ्या राहिल्या आणि आईच्या पाठीवर हलके थापट्या मारत राहिल्या.

आईने रिमोटला राखणीचा पांढरा दोरा बांधून तो पाळण्याला टांगला. मुलीचं ओकणं थांबलं. डॉक्टरीण म्हणते वयाने थांबलं, आई म्हणते बाजूने थांबलं, मी दोघींना हो म्हणतो. अर्लने एवढंच सांगितलं की त्यातली बॅटरी दोन वर्षांच्या वर टिकत नाही. ती बदलायचं काम माझ्याकडे आहे.